फियाटचे दिवे

२० नोव्हेंबर २०११, रविवार. टी. नरसीपूर

जयाशी फोनवर पुन्हा भांडण. माझी मुलगी बेंगळुरात बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे समोरचा प्रत्येक माणूस अर्ज घेऊनच आलाय असं तिला वाटतं. "अम्मा, ती फियाट विकून टाक. पंचवीस वर्षांची झाली. सदुसष्टाव्या वर्षी पहाटे अंधारात तू गाडी चालवायची नाहीस."

"मग तुंगाला कोण नेणार? तू येतेस?"

तिने टॅक्सीचं नाव काढलं.

तीन टॅक्सीवाले करून झाले. पहिला उशिरा आला. दुसरा आलाच नाही. तिसऱ्याने वाटेत गाडी थांबवून निवांत कॉफी घेतली आणि माझी धाकटी बहीण मागच्या सीटवर पिशवीत ओकत बसली. म्हैसूरच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे सव्वासहाची वेळ मिळाली आहे. दुसरी वेळ मागायला गेले तर नर्स म्हणाली, "कुणी पेशंट कमी झाला तर कळवू, मॅडम." असल्या वेळेची वाट मी बघणार नाही.

तुंगाने म्हैसूरला माझ्याकडे राहावं, हाही जयाचाच सल्ला. तुंगाच्या यजमानांना, अनंतकृष्णांना, अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. ते खाट सोडू शकत नाहीत आणि तुंगा त्यांना रात्रभर सोडू शकत नाही. विषय संपला. म्हणून मी आदल्या दुपारी म्हैसूरच्या घरून, सरस्वतीपुरमहून, गाडी घेऊन इथे मुक्कामाला येते. पहाटे पाचला दोघी निघतो. शेजारच्या लक्ष्मीदेवी अनंतकृष्णांपाशी बसतात. दुपारी दीडपर्यंत तुंगा घरी.

चालवायला मला काही अडचण नाही. अडचण दिव्यांची आहे.

२१ नोव्हेंबर, सोमवार. म्हैसूर

दिवे कसले ते! गाडीपुढे दोन पिवळी लिंबं टांगल्यासारखी वाटतात. गर्गेश्वरी सोडलं की रस्त्याला दिवाबत्ती नाही. डांबर काळं, झाडं काळी, आणि ह्या दिवसांत उसाच्या गाड्या. डांबर कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, ते चाक खाली उतरल्यावर कळतं.

त्यात तुंगाची बडबड. "अक्का, डाव्या हाताला सायकल आहे." "अक्का, पुढे वळण, उजवीकडे." "म्हैस बसलीय बघ, म्हैस." पाऊण तास हेच. भीतीने माणूस बोलत सुटतो. माझ्या वर्गातल्या मुली तोंडी परीक्षेला अशाच बोलत सुटायच्या. म्हटलं, बोलू दे. आजारी माणूस आहे.

पण दिव्यांचं काहीतरी करायलाच हवं. चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, दोन बल्बांपुढे हात टेकू का?

२४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी लष्कर मोहल्ल्यात शंभूराव वायरिंगवाल्याकडे गेले. ह्यांच्या वेळेपासून गाडी त्याच्याकडेच जाते. त्याच्या आजोबांचं कापड रंगवायचं काम होतं. घरात अजून मराठी बोलतात, पण अर्धं वाक्य झालं की कन्नड सुरू होतं.

"टीचरम्मा, सुम्मने उगाच डोकं शिणवू नका. शंभर वॅटचे बल्ब घालतो. दिवस उजाडेल."

"समोरून येणाऱ्याचं काय? तो आंधळा होईल. शिवाय कायद्यात बसत नाही. आणि तुझ्या ह्या केसाएवढ्या वायरीतून शंभर वॅट नेलेस तर गाडीच पेटेल. आधी मीटर आण."

तो हसला, पण मीटर आणला. इंजिन चालू करून बॅटरीपाशी मोजलं. तेरा पॉइंट आठ व्होल्ट. मग बल्बपाशी. दहा पॉइंट चार.

शंभूरावने मीटर हलवून पाहिला. मी म्हटलं, "मीटर बरोबर आहे. जवळजवळ साडेतीन व्होल्ट वाटेत सांडतायत." ह्या जुन्या गाड्यांत दिव्याची सगळी वीज आधी डॅशबोर्डच्या बटणातून, मग स्टीअरिंगखालच्या दांड्यातून, मग जुनाट वायरीतून रखडत पुढे जाते. आणि व्होल्ट पाव भाग कमी झाले म्हणून उजेड पाव भाग कमी होतो असं नाही, तो निम्म्याच्याही खाली जातो. मी त्याच्या भिंतीवर कोळशाने गणित करून दाखवलं.

"म्हणजे दिवे उपाशी आहेत," शंभूराव म्हणाला.

इतकं नेमकं उत्तर माझ्या एकाही विद्यार्थिनीने कधी दिलं नव्हतं.

तिथूनच जयाला फोन लावला. "दोष सापडला. मोजून सापडला. म्हातारपणाचा नाही, वायरीचा आहे." जया म्हणाली, "बरं अम्मा. पण डोळे कधी तपासलेस?" मी म्हटलं, "तपासायला गाडी आणलीय, मला नाही."

३ डिसेंबर, शनिवार

काम झालं. रिले म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. बटणाने फक्त ह्या डबीला इशारा करायचा. मग बल्बला वीज थेट बॅटरीकडून, जाड वायरीतून. अशा दोन डब्या, एक डिपला, एक ब्राइटला. दोन्हींना वेगळे फ्यूज. दिव्यापासून गाडीच्या पत्र्याला नवी अर्थिंगची वायर, कारण जुना स्क्रू गंजून त्याचं पीठ झालं होतं. दिव्याच्या आतल्या चकचकीत वाट्या काळवंडल्या होत्या, त्या नव्या घातल्या. बल्ब साठ-पंचावन्न वॅटचे, कायद्यात बसणारे. शंभूराव दिवसभर गाडीखाली होता आणि मी स्टुलावर बसून सूचना देत होते. दुपारी तो म्हणाला, "टीचरम्मा, तुम्ही घरी जाऊन जेवून या." मी डबा नेला होता.

संध्याकाळी सात वाजता सरस्वतीपुरमात आमच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. बल्बपाशी मीटर लावला. तेरा पॉइंट चार! मी टाळी वाजवली. समोरच्या बंगल्यातले पेन्शनर बाहेर येऊन बघायला लागले. बघू देत.

मग खडूने भिंतीवर रेघा मारून झोत जुळवला. डिप टाकला की उजेडाची वरची कड सरळ रेघेसारखी दिसायला हवी. मला ती लोकरीसारखी दिसली. पिंजारलेली.

"कड नीट नाही," मी म्हटलं.

शंभूराव भिंतीपर्यंत चालत गेला आणि परत आला. "पट्टीने मारल्यासारखी आहे की, टीचरम्मा."

"नाही. पुढची काच पंचवीस वर्षांची आहे, घासून घासून मंद झालीय. ती बदलू."

तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. "आयतु," म्हणाला. बरं तर बरं. कामाचा मान राखणारा माणूस, पण बारकाव्यात कमी पडतो.

५ डिसेंबर, सोमवार

फरक आहे! डांबर दिसतं. गर्गेश्वरीच्या पुढची चिंचेची झाडं पांढरी उभी राहतात. तुंगाही म्हणाली, "अक्का, केवढा लख्ख उजेड."

मात्र समोरून लॉरी आली की तिचे दिवे झेंडूच्या फुलासारखे फुटतात, पाकळ्या पाकळ्या सगळ्या काचभर पसरतात, आणि लॉरी गेल्यावरही क्षणभर काही दिसत नाही. हल्ली हे लोक कसले बल्ब लावतात देव जाणे. कायदा मी एकटीनेच पाळायचा.

उजेड एवढा वाढला तरी तुंगाची बडबड थांबलेली नाही. "बैलगाडी, अक्का, हळू." बैलगाडी मला दिसलीच असती.

१४ डिसेंबर, बुधवार

दोन्ही दिव्यांच्या नव्या काचा बसवून झाल्या. शंभूरावने न बोलता बसवल्या.

आज वाटेत तुंगावर ओरडले. "मी चाळीस वर्षं गाडी चालवतेय. एक मैल तरी गप्प बस!" ती गप्प बसली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. "अक्का, ब्रेक." आवाज अगदी शांत. ब्रेक दाबला. समोरून एक माणूस दुधाचे कॅन घेऊन रस्ता ओलांडत होता. काळं घोंगडं पांघरून. अंधारात काळं घोंगडं!

मशीनवर झोपली की तुंगाचा चेहरा मेणासारखा होतो. तिथे बसून मी तिचा हात धरला. 

२३ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी दारात एक तरुण उभा. "फियाट बघायला आलोय, आंटी. जयलक्ष्मी मॅडमनी नंबर दिला." बॉनेटवर हात फिरवू लागला. मी म्हटलं, "त्या जयलक्ष्मी मॅडम बेंगळुरात राहतात. त्यांची काही गाडी असेल तर तिथे जाऊन बघा." निघताना तो म्हणाला, "दिवे मात्र मस्त केलेत, आंटी." त्याला कॉफी पाजली आणि मग हाकललं.

जयाला फोन केला नाही. तिला कळेलच.

६ जानेवारी २०१२, शुक्रवार

 अक्षर लागणार नाही. तरी आजच लिहायचं. उद्या मी त्यात फेरफार करीन.

काल तुंगाला दिवसभर उलट्या झाल्या. पहाटे निघालो तेव्हा ती सीटवर डोकं टेकून होती आणि गर्गेश्वरी यायच्या आतच झोपली. मला बरंच वाटलं. म्हटलं, आज शांतपणे चालवू. वरुणा जवळ आलं होतं. समोरून लॉरी आली, तिची ती फुलं काचभर पसरली, लॉरी गेली, आणि पुढे सगळं राखाडी. मी वेग कमी केला नाही. दिवे चांगले आहेत, दिसेल, असं मनात होतं.

काचेवर काहीतरी घासलं. झाडूसारखा आवाज. पानं! मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले.

उसाने भरलेला ट्रेलर. बाहेर आलेले शेंडे काचेवर आणि टपावर, आणि डावा दिवा ट्रेलरच्या कोपऱ्याला लागून फुटलेला. तुंगा पुढे फेकली गेली, पट्टा होता म्हणून वाचली. मशीनच्या सुया टोचतात तो हात तिने छातीशी धरला होता. लागलं नव्हतं.

मी खाली उतरले आणि ट्रॅक्टरवाल्यावर तुटून पडले. मागे दिवा नाही, लाज नाही, माणसं मारायला निघालात. सगळं कन्नडमध्ये, अगदी मोठ्याने. तिशीतला माणूस, डोक्याला मफलर. माझं संपेपर्यंत उभा राहिला. मग मला हाताने मागे बोलावलं आणि ट्रेलरच्या मागच्या फळीवर बोट ठेवलं. फळीभर लाल चमकत्या पट्ट्या चिकटवल्या होत्या म्हणे.

"अम्मा, तुमच्या उजेडात ह्या पट्ट्या जळत असल्यासारख्या दिसत होत्या. माझ्या आरशात मागचा सगळा रस्ता दिसत होता. मला वाटलं तुम्ही बाजूने पुढे जाणार." मग त्याने विचारलं, "काणिसलिल्लवा?"

दिसलं नाही का? रागाने नाही विचारलं. काळजीने विचारलं.

मी फळीकडे बघितलं. उजवा दिवा शाबूत होता आणि त्याचा झोत तिच्यावरच होता. मला लाल धूर दिसला. फक्त धूर.

 तो म्हणाला, उजाडेपर्यंत थांबा, मीही थांबतो. आम्ही तिघं गाडीच्या कडेला उभे राहिलो. त्याने तुंगाला उसाचं एक कांडं सोलून दिलं. तिला ऊस चालत नाही. तिने ते हातात धरून ठेवलं.

दवाखान्यात पोचायला पन्नास मिनिटं उशीर. पुढच्या पेशंटची वेळ ठरलेली, म्हणून तुंगाचं मशीन आज तासभर आधी काढलं. तो तास माझ्यामुळे गेला.

७ जानेवारी, शनिवार. टी. नरसीपूर

रात्री इथेच राहिले. सकाळी तुंगा अनंतकृष्णांना उप्पिट्टु भरवत होती, तेव्हा मी दारातच उभी राहून विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

तिने चमचा खाली ठेवला नाही. "दिवाळीपासून. माझ्या रांगोळीच्या मधोमध पाय देऊन आत आलीस. तू कधी रांगोळी तुडवत नाहीस, अक्का."

"आणि गाडीत ती सगळी बडबड?"

"तुला रस्ता सांगत होते."

"सरळ सांगायचं नाहीस? तुझ्या डोळ्यांना दिसत नाही, एवढंच?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडी बंद केली असतीस. मग मी आठवड्यातून तीनदा कुणाच्या पाया पडायचं?" अनंतकृष्णांच्या ओठांवरचं तिने पुसलं. "स्वार्थ म्हण. मला वाटलं, माझे डोळे आहेत, तुझे हात आहेत, दोघींत मिळून एक ड्रायव्हर होतो. काल झोप लागली."

मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला. तिचा नाही. जन्मभर मुलींना सांगत आले की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा. बल्ब बदलला. वायर बदलली. काच बदलली. बघणारी तपासायची राहिली. आणि जया सांगत होती, शंभूराव गप्प बसून सांगत होता.

अनंतकृष्ण बोलू शकत नाहीत, पण त्यांनी चांगला हात उचलून माझ्याकडे बघत आपल्या डोळ्याला बोट लावलं. म्हणजे ह्या खाटेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझ्याशिवाय.

दुपारी जयाला फोन करून कालचं सगळं सांगितलं. "तू अर्धी बरोबर होतीस. डोळे दाखवते. गाडी जाणार नाही. उद्याच ये, आणि जेवढी साठलीय तेवढी रजा टाक."

"अम्मा, असं एका दिवसात—"

"तुला फियाट येते. बाबांनी ह्याच गाडीवर शिकवलंय. परवा सोमवार आहे आणि तुझ्या मावशीचा एक तास आधीच गेलाय."

तिकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज. मग, "डाव्या दिव्याचं काय करायचं?"

"शंभूरावला सांगितलंय."

१० जानेवारी, मंगळवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात पुरता पिकलेला. डॉक्टर जेमतेम पस्तिशीचा. "मॅडम, ह्या डोळ्यांनी तुम्ही गाडी चालवत होता?"

"दिवे चांगले होते," मी म्हटलं.

जया बाहेर जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, असं मला वाटलं. खात्रीने सांगायची आता सोय नाही.

उजवा डोळा गुरुवारी. डावा तीन आठवड्यांनी. मधल्या काळात गाडीला हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणाला, "ह्या वयात आता ड्रायव्हिंग हवंच का?" मी म्हटलं, "तुम्ही भिंग बसवा. पुढचं मी बघते."

१६ जानेवारी, सोमवार

उजव्या डोळ्यावर अजून ऑपरेशननंतरची प्लास्टिकची ढाल आहे, डाव्या डोळ्याने बघून लिहितेय. जया काल दुपारी नरसीपूरला गेली आणि आज मावशीला घेऊन आली, ही तिची चौथी खेप. दुपारी किल्ल्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसून राहिली. मला वाटलं, आता गाडी विकायचं भाषण होणार.

"अम्मा, दिवे फार चांगले आहेत. माझ्या गाडीपेक्षा चांगले." मग किल्ल्या उचलून पुन्हा ठेवल्या. "आज वरुणाच्या अलीकडे एका वळणावर एकदम पाच-सहा बैलगाड्या. आणि तू हा रस्ता..."  तिने माझा हात जोरात दाबला. दुखेल इतका.

मी म्हटलं, "मावशीला बरं आहे ना?"

"पूर्ण चार तास झालं," जया म्हणाली.

२० जानेवारी, शुक्रवार

दिवसाची ढाल निघाली. आता फक्त झोपताना.

माझं स्वयंपाकघर किती कळकट आहे! भिंती पिवळ्या वाटत होत्या, त्या पांढऱ्या आहेत. आरशात एक म्हातारी बाई आहे. असू दे. तिच्या सुरकुत्या तरी स्पष्ट आहेत.

संध्याकाळी जयाने गाडी भिंतीसमोर लावली. मी डावा डोळा झाकून डिप बघितला. वरची कड पट्टीने मारल्यासारखी. शंभूरावला फोन करून सांगितलं, "कड बरोबर होती. मी चुकले होते."  "अय्यो बिडि, टीचरम्मा," म्हणाला. सोडून द्या. मी सोडणार नाही. माणसाने मोजून काम केलं होतं आणि मी त्याला दोष दिला होता.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसराही डोळा झाला. आज जयाबरोबर दवाखान्यात तुंगाजवळ बसायला गेले होते. शेजारच्या मशीनवर वेंकोजीराव म्हणून गृहस्थ असतात. गर्गेश्वरीचे, पोस्टात होते, पत्नी नाही. मुलगा मोटारसायकलवरून आणायचा, त्याची ह्या महिन्याच्या शेवटी होसूरला बदली होतेय. पहाटेची बस सव्वासहाच्या आत पोचत नाही.

सुई काढताना ते नर्सला अगदी सहज म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून माझी वेळ दुसऱ्या कुणाला दिलीत तरी चालेल. साकु आता." साकु, म्हणजे पुरे. घरी निवांत बसावं म्हणतोय, असं म्हणाले. नर्स पट्टी चिकटवताना थांबली. तिलाही कळलं, मलाही कळलं. मशीन सोडून निवांत बसणं दहाबारा दिवस चालतं.

मी म्हटलं, "आमची मागची सीट रिकामी जाते. सत्तावीस तारखेपासून मी चालवणार आहे. पाच वाजून दहा मिनिटांनी तुमच्या स्टॉपवर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचंच ऑपरेशन झालं ना? ट्रेलरला धडकलात त्या तुम्हीच?"

"मीच."

परत येताना गाडीत जया तापली. "अम्मा, स्वतःचं अजून ठरलं नाही, आणखी एका आजारी माणसाची जबाबदारी घेतलीस? वाटेत काही झालं तर?"

"घरी बसून काय होणार आहे ते ठरलेलंच आहे."

मागून तुंगा म्हणाली, "जया, गाडी बघून चालव." मग दोघी बहिणी हसलो. जया नाही हसली. पण तिने वाद वाढवला नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरने तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलं. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं. अंधारात चालवायला परवानगी. जयाने ती लेखी मागितली. बँकवाली. त्याने लिहून दिली.

संध्याकाळी अंधार पडल्यावर जयाला शेजारी बसवून नरसीपूर रस्त्यावर वरुणापर्यंत गेले आणि आले. समोरच्या लॉऱ्यांना दोन-दोन दिवे होते. दोनच. गोल. तिने एकदाही हँडब्रेककडे हात नेला नाही. रविवारी ती बेंगळुरला परत जातेय.

२७ फेब्रुवारी, सोमवार

वेंकोजीराव स्टॉपवर नव्हते. मी पाच मिनिटं थांबले. सात मिनिटं. तुंगाची वेळ चुकवता येत नव्हती, निघावं लागलं. दवाखान्यात त्यांचा पलंग रिकामा. नर्स म्हणाली, फोन उचलत नाहीत.

तुंगाला घरी सोडून गर्गेश्वरीला गाडी वळवली. पोस्टातले वेंकोजीराव म्हटल्यावर कुणीही घर दाखवलं. ओट्यावर बसले होते, पाय सुजलेले. मला बघून उठायला लागले.

"उठू नका. का नाही आलात?"

"आलो होतो. झाडामागे उभा होतो. तुमची गाडी थांबलेली बघितली." मान खाली. "ओळख ना देख. कुणाच्या गळ्यात किती दिवस पडायचं, बाई?"

"मला विचारा. दीड-दोन महिने माझी आजारी बहीण मला रस्ता दाखवत होती आणि मी तिलाच गप्प बस म्हणत होते. गळ्यात कोण पडलं होतं?"

त्यांनी धोतर सुजलेल्या पायांवर ओढून घेतलं. मी म्हटलं, "नर्सशी बोलून आलेय. उद्या सकाळी अकराला एक मशीन दोन तास मोकळं आहे, मी न्यायला येते. आणि परवा पहाटे झाडामागे उभे राहायचं नाही. राहिलात तरी मला दिसाल. आता मला दिसतं."

"आणि नाहीच आलो तर?"

"तर मी हॉर्न वाजवत गावात येईन. पहाटे पाचला. सगळं गाव उठवीन."

२९ फेब्रुवारी, बुधवार

पाच वाजता निघालो. तुंगाने शाल ओढून घेतली. गर्गेश्वरीची कमान मागे पडेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मी वळून बघितलं तर जागी होती, बाहेर बघत होती.

"गप्प का?" मी म्हटलं.

"बघतेय. इतके दिवस ह्या रस्त्यावर म्हशीच शोधत होते. नदीवर धुकं असतं हे कधी बघितलंच नाही."

स्टॉपच्या बऱ्याच अलीकडे मी ब्राइट टाकला. चिंचेचं खोड, त्याच्या मागे कुणी नाही. रस्त्याच्या कडेला, अगदी उजेडात, पांढरं धोतर, हातात पिशवी, डोळ्यांवर आडवा हात. लगेच डिप केला, त्यांना त्रास नको.

"वेंकोजीराव आलेत," मी म्हटलं. "आणि तुंगी, त्यांनी स्वेटर उलटा घातलाय. शिवण बाहेर आलीय."

तुंगा पुढे वाकून बघू लागली. "कुठे? मला अजून नीट दिसत नाहीयेत."